लग्न खोटं, प्रेम खरं: धमाल रोमकॉम कादंबऱ्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला इथं सोलापुरात कोणकोण विचारतं सांगू? जाऊबाई, ऑफिसातल्या पोरी, खालच्या मजल्यावरच्या काकू, आणि एकदा तर रिक्षावाले दादा, कारण मी मागं बसून मोबाईलवर वाचत एकटीच खिदळत होते आणि त्यांना वाटलं ह्यांना काहीतरी झालंय. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवेल तसं.

रोमकॉम कादंबरी म्हणजे नक्की काय असतं?

रोमकॉम म्हणजे रोमँटिक कॉमेडी, हसवणारी प्रेमकथा. दोन माणसं असतात, त्यांचं जमणार हे पहिल्या दहा पानांत आपल्याला कळलेलं असतं, फक्त त्या दोघांनाच कळलेलं नसतं, आणि ते कळेपर्यंत जो काय गोंधळ होतो तो सगळा म्हणजे रोमकॉम. दोन अटी मात्र पक्क्या. एक, शेवट गोडच पाहिजे, त्यात तडजोड नाही. शेवटच्या चॅप्टरला कोणी आजारपणानं गेलं तर आधीची तीनशे पानं कितीही हसवलेलं असू दे, ती रोमकॉम नाही, ती फसवणूक. दुसरी अट म्हणजे हसू त्या दोघांच्या प्रकरणातनंच यायला पाहिजे. हिरो-हिरॉईन गंभीर चेहऱ्यानं उसासे टाकतायत आणि मध्ये मध्ये एक विनोदी मित्र येऊन जोक मारून जातोय, असं असेल तर ती जोक टाकलेली लव्हस्टोरी झाली. इथं हिरॉईन स्वतःच तोंडावर आपटते, हिरोच येडा ठरतो, आणि आपल्याला ते दोघं त्यामुळंच आवडायला लागतात.

शेवट आधीच माहीत असतो, मग वाचायचं कशाला?

हा प्रश्न सोलापूरच्या माणसानं विचारावा ह्याचं मला नवल वाटतं. दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, बाराबंदी घालून मानकरी नंदीध्वज घेऊन येतात, आणि लग्न कुणाचं, कुठं, शेवटी काय होणार हे अख्ख्या गावाला पाठ असतं. तरी कोणी म्हणतं का, की मागच्या वर्षी बघितलंय, यंदा नको? उलट अक्षता टाकायला गर्दी मावत नाही.

इथं पण सस्पेन्स ‘काय होणार’ ह्याचा नसतोच, ‘कसं होणार’ ह्याचा असतो. लेखिकेनं पान पन्नासला दोघांमध्ये असली भिंत उभी करून ठेवलेली असते की आपण म्हणतो, आता ही कशी काढणार बया? आणि शेवट गोड होणार ही खात्री असल्यामुळंच मधल्या फजितीला आपण मोकळेपणानं हसू शकतो. ती खात्री काढून घ्या, मग तेच प्रसंग वाचताना पोटात गोळा येतो. रहस्यकथेत खुनी शेवटी सापडणारच हे आपल्याला माहीत असतंच की, त्यावर कोणी तक्रार करत नाही, सगळी तक्रार प्रेमाच्याच पुस्तकांबद्दल.

एवढं अति कशाला असतं? खऱ्या आयुष्यात असं कुठं होतं का?

होत नाही. होऊही नये. पण ते अति काढून टाकलं तर उरतं काय, तर दोन समजूतदार माणसं चहा पीत बोलतात आणि बाराव्या पानावर साखरपुडा. ते वाचायला तीनशे रुपये कोण देईल?

आणि हे अति काय आता परदेशातनं आलेलं नाही. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या, १९१६ चं. रस्त्यात रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव मदतीला धावतात, त्या गडबडीत तिच्याजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती नेमकी फाल्गुनरावांच्या बायकोला सापडते, आणि तिथनं पुढं सगळे एकमेकांवर संशय घेत सुटतात. एक तसबीर पडली, बास, अख्खं नाटक उभं. मूळ गोष्ट मोलिएरच्या फ्रेंच नाटकातली, इंग्रजीतनं फिरून मराठीत आली, म्हणजे तीन भाषांतल्या प्रेक्षकांना ती एक तसबीर पुरून उरली. त्याच्याही कितीतरी मागं जायचं तर कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’. राजा चित्र बघून प्रेमात पडतो, राणी त्या मुलीला कोंडून ठेवते आणि सांगते की माझी नागाची अंगठी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. मग विदूषक काय करतो? बोटात केवड्याचा काटा टोचून घेतो आणि साप चावला साप चावला म्हणून बोंब ठोकतो, उपचाराला नागाची अंगठी पाहिजे म्हणून राणीकडनंच ती मिळवतो, आणि तीच दाखवून मुलीला सोडवतो! असला सीन आज एखाद्या कादंबरीत आला तर रिव्ह्यूत लोक लिहितील, ‘टू मच यार’. कालिदासाला कोणी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की घटना कितीही वेडी चालते, माणसाच्या मनातलं खोटं चालत नाही. समजा नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात हिरॉईनला लांबच्या मावशीनं गाठलं, “काय गं, जमलं का कुठं? तुझ्या मागच्या सगळ्या उजवल्या.” हिरॉईन वैतागली आणि शेजारी टॉवेलचे गठ्ठे मोजत उभ्या असलेल्या अनोळखी पोराचा दंड धरून म्हणाली, “हे काय मावशी, जमलंय की.” तो पोरगा गडबडला, गठ्ठे काखेत धरूनच मावशीच्या पाया पडायला वाकला, सगळे टॉवेल दुकानभर, आणि मावशी खूश, “संस्कार आहेत हो!” आता हे कुठं घडतं का? नाही. पण ‘जमलं का कुठं’ ऐकून ऐकून डोक्यात जी सणक जाते ती शंभर टक्के खरी आहे, आणि ज्या पोरीनं ती कधी भोगलीय ती ह्या सीनला हसतानाच त्या हिरॉईनची होऊन जाते. तेवढी खरी सणक जर नसेल, नुसते टॉवेल पडत असतील, तर ते पुस्तक फसलं. पुस्तक चांगलं का वाईट हे मी ह्याच्यावरनंच ठरवते.

हे म्हणजे मिल्स अँड बूनच ना?

नाही हो. चुलत बहिणी म्हणा फार तर. मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशन संस्था, १९०८ साली सुरू झाली, आणि सुरुवातीला ते सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायचे, प्रेमकथांवर जोर आला तो पुढं १९३० च्या दशकात, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांच्या जिवावर. १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विननं ती घेतली. त्यांच्या बऱ्याचशा पुस्तकांत प्रेम हे एकदम सिरियस काम असतं, हिरोचा जबडा घट्ट, डोळे खोल वगैरे. रोमकॉममध्ये त्याच जबड्यावर कोणीतरी केक फेकून मारतं.

रोमकॉमचं खानदान वेगळीकडनं येतं. शेक्सपिअरच्या नाटकांत भांडत भांडत प्रेमात पडणाऱ्या जोड्या आहेत, मग १८१३ मध्ये जेन ऑस्टिननं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ आणि तिचा तुसडा हिरो डार्सी दिले, जॉर्जेट हेअरनं विसाव्या शतकात ऑस्टिनच्याच काळातल्या घोडागाड्या आणि बॉलडान्स घेऊन विनोदी प्रेमकथांचा ढीग लावला, आणि १९९६ ला हेलन फील्डिंगची ब्रिजेट जोन्स आली, जिच्या हिरोचं आडनाव मुद्दाम डार्सीच ठेवलंय. म्हणजे दोनशे वर्षं झाली, तोच तुसडा माणूस वेगवेगळ्या कपड्यात येतोय आणि आपण दरवेळी विरघळतोय.

ट्रोप ट्रोप म्हणतात ते काय असतं?

ठरलेला साचा. वाचणारे लोक पुस्तक विचारताना नावानं विचारत नाहीत, ट्रोपनं विचारतात, “खोट्या लग्नाचं काही आहे का?” असं. मुख्य साचे थोडक्यात सांगते.

खोटी एंगेजमेंट: आजीला बरं नाही, व्हिसा पाहिजे, एक्सच्या लग्नात एकटं जायचं नाही, कारण काहीही, दोघं ठरवून जोडपं असल्याचं नाटक करतात. मजा कुठं, तर नाटक करताना अटी लिहून काढतात, हात धरायचा फक्त लोकांसमोर वगैरे, आणि मग कोणी बघत नसताना पण हात सुटत नाही.

दुश्मन ते प्रेमी: ऑफिसात समोरासमोर टेबल, प्रमोशन एकच. सॅली थॉर्नची ‘द हेटिंग गेम’ (२०१६) ह्याचं सोपं उदाहरण, दोन प्रकाशन कंपन्या एक होतात आणि दोन्हीकडचे असिस्टंट समोरासमोर बसून दिवसभर एकमेकांना छळतात. ह्या साच्यात माझी एक अट आहे, दुश्मनी बरोबरीची पाहिजे. एकजण सारखा अपमान करतोय आणि दुसरी रडतीय ह्याला दुश्मनी म्हणत नाहीत.

तुसडा आणि उत्साही: एकाला माणसं नकोत, दुसरीला अख्खं गाव ओळखतं. सोलापुरात ही जोडी प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडते, साच्याची गरजच नाही.

आणि सगळ्यात लाडका, ‘एकच बेड’. हॉटेलात पोचतात, बुकिंगमध्ये घोळ, खोली एक, बेड एक. आता ह्याचं आपल्याकडचं रूप मी कधीपासून कोणीतरी लिहावं म्हणून वाट बघतेय. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, दोघांची तिकिटं आरएसी, आणि आरएसीत नियमानंच एक साईड लोअर दोघांत. एकमेकांचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतलेले दोघं, मध्ये तिची बॅग, पाय कुणी कुठं ठेवायचे ह्यावरनं कल्याणपर्यंत भांडण, मग टीसी येणार आणि म्हणणार, “एक बर्थ रिकामी झालीय, कुणाला देऊ?” आणि दोघं एकदमच म्हणणार, “ह्यांना द्या.” तिथंच कळलं की नाही तुम्हाला? परदेशी लेखिकेला एकच बेड करायला वादळ आणावं लागतं, हॉटेलवाला मूर्ख दाखवावा लागतो, आपल्याकडं रेल्वेनं ती सोय आधीच करून ठेवलीय.

ऐंशी टक्के झाल्यावर दोघं उगाच का भांडतात? एका फोनवर मिटलं असतं ना?

ह्यावर माझी पण तीच तक्रार आहे, मी पण पुस्तक आपटलंय. ह्याला तिसऱ्या अंकातलं ब्रेकअप म्हणतात आणि बहुतेक पुस्तकांत ते असतंच असतं. ते मुळात वाईट नाही. चांगल्या पुस्तकात ते भांडण पहिल्या पानापासून शिजत असतं, म्हणजे तिला सोडून दिलं जाण्याची भीती आहे, त्याला मागायचीच लाज वाटते, आणि खोट्या लग्नाचं बिंग फुटल्यावर नेमकी ती जुनी भीतीच वर येते. तिथं फोन करून मिटत नाही, कारण अडचण फोनची नसतेच. वाईट पुस्तकात मात्र तो कुठल्यातरी बाईला मिठी मारताना दिसतो, ही न विचारता निघून जाते, आणि वीस पानांनी कळतं की ती त्याची बहीण होती. बहीण निघाली की मी ते पुस्तक बंद करते, सरळ.

पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

तुम्ही काय वाचता त्यावर आहे. क्रिकेट आणि हिंदी-इंग्रजी मिसळ चालत असेल तर अनुजा चौहानची ‘द झोया फॅक्टर’ (२००८). १९८३ ला भारत वर्ल्ड कप जिंकला त्याच क्षणी जन्मलेली, जाहिरात कंपनीत काम करणारी पोरगी, भारतीय टीमची लकी चार्म ठरते, आणि कॅप्टनला असल्या अंधश्रद्धेचा भयंकर राग. बाईंनी स्वतः जाहिरात क्षेत्रात काम केलेलं असल्यामुळं त्यातली ऑफिसची धावपळ वरवरची वाटत नाही. निवडणुका आवडत असतील तर त्यांचीच ‘बॅटल फॉर बिट्टोरा’ (२०१०), दोघं एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध उभे. प्रचाराच्या गाड्या, भोंगे, आजीचं राजकारण, आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

प्रेम थोडं आणि हसू जास्त पाहिजे असेल तर वुडहाऊस. लोक त्याला नुसता विनोदी लेखक म्हणतात, पण त्याच्या ब्लँडिंग्ज नावाच्या किल्ल्यात घडणाऱ्या गोष्टी बघा, निम्म्या वेळा कोणीतरी लग्न जमवायला किंवा मोडायला खोटं नाव घेऊन पाहुणा म्हणून आलेलाच असतो. त्याची वाक्यं मात्र सावकाश वाचायची, घाईत मजा निसटते.

एकदम ऑस्टिनपासून सुरू करू का असं विचाराल तर नको म्हणेन. आवडेल, पण चौथ्या-पाचव्या पुस्तकाला.

मराठीत असं काही नाही का?

आहे, पण कादंबरीत कमी आणि रंगमंचावर जास्त. आपल्याकडं प्रेमाची कादंबरी म्हटलं की ना. सी. फडके, त्यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये कादंबरीचं तंत्र व्यवस्थित मांडलं, गुंतागुंत कशी करायची, उकल कशी करायची, आणि स्वतः त्या तंत्रानं भराभर लिहिलं. पण त्यांचे नायक-नायिका नीटनेटके, इस्त्रीचे. तोंडावर आपटत नाहीत. विनोद चिं. वि. जोशींकडं, पण चिमणरावांचं लग्न झालेलंय आणि तिथं गंमत संसाराची आहे. प्रेम आणि फजिती एकत्र बघायची तर अत्र्यांची नाटकं, ‘साष्टांग नमस्कार’ १९३३ चं, ‘लग्नाची बेडी’ १९३६ चं, किंवा पु. लं.ची ‘ती फुलराणी’. सिनेमात तर १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त राहायला जागा नाही म्हणून पोरं बायका बनतात, ह्याच्यापेक्षा अति काय पाहिजे, आणि ते महाराष्ट्राला तोंडपाठ आहे.

म्हणजे आपल्याला हा प्रकार आवडत नाही असं नाहीच. आपण तो बघतो, वाचत नाही. कादंबरी म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी भारी, दुःखाचं, चार दिवस जेवण जाणार नाही असं पाहिजे, पुरस्काराच्या लायक. हसवणारी प्रेमाची कादंबरी लिहिणाऱ्याला आपण लेखक म्हणायलाच तयार नसतो, मग लिहिणार कोण? सध्या प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत भरपूर मुली लिहितायत, क्रमशः, रोज एक भाग. त्यात चाळणी लावावी लागते, काही ठिकाणी शंभर भाग झाले तरी हिरो अजून जिन्यातच उभा असतो, पण एखादी अशी सापडते की संवाद ऐकून वाटतं ही आपल्याच गल्लीतली आहे.

माझं शिक्षण मराठी मीडियमचं. इंग्रजी पुस्तक झेपेल का?

झेपेल. उलट इंग्रजी वाचायला सुरुवात करायला ह्याच्यासारखा प्रकार नाही, कारण निम्म्याच्या वर संवाद असतात, वाक्यं छोटी, आणि गोष्ट कुठं चाललीय हे माहीत असल्यामुळं चार शब्द अडले तरी धागा सुटत नाही. आधी भारतीय लेखिका घ्या. किंडलवर शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, पण प्रत्येक शब्दाला थांबू नका, जोक मरतो. ऐकायची सवय असेल तर स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुकं आहेत, भाकऱ्या थापता थापता ऐकता येतं, फक्त हसताना भाकरी कडक होते आणि मग ती आम्ही कडक भाकरी म्हणून खपवतो, सोलापुरात तेवढी सोय आहे.

त्यात ‘तसले’ सीन असतात का?

काहींत असतात, काहींत नाही, आणि कव्हरवरनं ओळखता येत नाही ही मोठी पंचाईत. आजकाल गुलाबी-पिवळ्या रंगात कार्टूनसारखी चित्रं असतात, बघून वाटतं शाळेतल्या पोरींचं पुस्तक, आणि आत पाहावं तर बापरे. वाचकांनी ह्याला स्पाइस असं नाव दिलंय, रिव्ह्यूत मिरच्या मोजून लिहितात. ‘क्लोज्ड डोअर’ लिहिलं असेल तर खोलीचं दार लागतं आणि आपण बाहेर राहतो, ‘ओपन डोअर’ म्हणजे आपण पण आत. आपण सोलापूरची माणसं, तिखटाला घाबरत नाही म्हणा, पण भाचीला वाढदिवसाला द्यायच्या आधी दोन रिव्ह्यू वाचून घ्या. अनुभवी आत्या म्हणून सांगते.

हिरो सारखा मागं लागतो, ती नाही म्हणते तरी ऐकत नाही. ह्याला प्रेम म्हणायचं का?

नाही. इथं मात्र अतिपणाच्या नावाखाली काहीही खपवून घेऊ नका. हिरोनं हिरॉईनसाठी बँजो लावून गल्लीत वरात आणली तर ते अति, आणि छान. तिनं स्पष्ट नको सांगितल्यावर तिचा मोबाईल बघितला, ऑफिसबाहेर उभा राहिला, तिच्या मित्राला धमकावलं, तर ते अति नाही, ती पोलीस केस. जुन्या पुस्तकांत हा भाग बराच आहे, हिरो जितका दांडगा तितका भारी असं समजायचे. आताच्या चांगल्या लेखिका हे फार हुशारीनं करतात, पाठलाग असतो पण चुकून झालेला, म्हणजे तोच बिचारा तिला टाळायला बघतोय आणि जिथं जाईल तिथं ती आधीच बसलेली.

अब्जाधीश हिरोंबद्दल पण विचारतात. मला वैयक्तिक कंटाळा येतो. सगळं पैशानं सुटणार असेल तर गोंधळ होणार कसा? बसला सुट्टे पैसे नसलेला हिरो मला कधीही जास्त चालतो.

घरचे हसतात, म्हणतात ‘हे काय वाचतीस’. काय सांगू?

काही सांगू नका, मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडं सासूबाईंनी आधी “कामं नाहीत वाटतं” असं सुरू केलं होतं. एकदा शेंगा सोलत बसल्या होत्या तेव्हा मी खोट्या लग्नाचा एक चॅप्टर मराठीत करून सांगितला, जिथं पोराची आई अचानक येते आणि पोरीला स्वयंपाक करायला सांगते. सासूबाई शेंगा सोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, “आणि हिला येत नसंल तर?” मी म्हटलं, “तेच की, येत नाही.” “मग?” मग मी म्हटलं उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी सुपात त्याच शेंगा घेऊन माझ्या आधी बसलेल्या. आता कुठली हिरॉईन कशी वागायला पाहिजे होती ह्यावर त्यांची ठाम मतं आहेत, आणि हिरोच्या आईला त्या एकदाही दोष देत नाहीत.

पुरुष वाचतात का?

वाचतात. सांगत नाहीत. हुतात्मा एक्सप्रेसला खिडकीशी मोबाईल तिरका धरून गालात हसणारा माणूस दिसला तर तो शेअर मार्केट बघत नाहीये एवढं नक्की.

सोलापुरात ही पुस्तकं मिळतात कुठं?

नवीन इंग्रजी पुस्तकं बहुतेक लोक ऑनलाइनच मागवतात. लायब्ररीचं म्हणाल तर हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, तिथं मराठी नाटकं आणि जुन्या कादंबऱ्या चाळायला जा, आणि पाहिजे ते पुस्तक नसेल तर विचारून ठेवा, विचारणारे वाढले तर पुस्तकं येतात. पुस्तक प्रदर्शन लागलं की इंग्रजीचे ढीग असतात, त्यात खालचे ढीग उपसायची तयारी ठेवा, वर सगळी ‘श्रीमंत कसं व्हावं’ टाईप असतात. सगळ्यात भरवशाचं म्हणजे आपापसात फिरवणं. आमच्या चौघीपाचजणींत एक पुस्तक घेतलं की जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत जाऊन येतं, आणि मार्जिनमध्ये प्रत्येकीच्या शिव्या लिहिलेल्या असतात, हिरोला.

वाचायला वेळ कधी काढायचा?

मे महिन्यात दुपारी एक ते चार. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, कोणी येत नाही, कोणी बोलवत नाही. खिडकीला ओली चादर, फॅन पाचवर, आणि ३२० पानांचं पुस्तक. जड पुस्तक त्या उन्हात डोक्यात जात नाही, झोप लागते. हे लागू देत नाही.

सोलापूरवर रोमकॉम लिहायची असेल तर?

लिहा की, लवकर लिहा! इतकं सामान पडलंय इथं. तेलुगू घरातली पोरगी, कन्नड घरातला पोरगा, प्रेमात एकमेकांची भाषा शिकतात आणि भांडायला मात्र दोघं मराठीवर येतात, कारण मराठीत कुणाचंच माहेर नाही, बरोबरीचा सामना. तिचे मामा पॉवरलूमवाले, त्याच्या आईचा शेंगा चटणीचा घरगुती धंदा, दोन्ही घरं एकमेकांना फक्त एका चुकीच्या ऑर्डरमुळं ओळखतात, चादरींच्या जागी चटणी पोचली आणि चटणीच्या जागी चादरी. पहिली भेट भांडणात. दुसरी भेट हुरडा पार्टीत, जिथं दोघांनी एकमेकांना ओळख दाखवायची नाही असं ठरवलंय आणि त्याची आजी मोठ्यानं विचारते, “ही तीच काय रे, चादरवाली?”

एक सांगते मात्र. सोलापुरी बोली टाकायची म्हणून प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावू नका. माणूस आईशी वेगळं बोलतो, मित्राशी वेगळं, आणि जिच्यावर जीव आहे तिच्यासमोर तर एकदम पुस्तकी बोलायला जातो आणि तोंडातनं निघतं, “आपण काय करलालाव?” तिथं हसू आहे.

वाचायला दिलेलं पुस्तक परत येत नाही, काय करू?

परत मागू नका, चिडतात. नुसतं कळवा की ह्याचा दुसरा भाग आलाय, माझ्याकडं आहे, आणि त्यात तिच्या बहिणीचं त्याच्या भावाशी जुळतं. संध्याकाळच्या आत पुस्तक दारात.